भिंतीवर नसलेली भेग

९ सप्टेंबर

फोटोतली भेग भिंतीवर नाही.

फोटो पाच वर्षांपूर्वीचा. कोल्हापूरच्या पद्मराज सिनेटोनचा शूटिंग फ्लोअर, उत्तरेची भिंत, आतली बाजू. भेग वरपासून जमिनीपर्यंत, जवळजवळ सरळ. आज त्याच भिंतीसमोर उभी राहिले. जुना चुना, सुटलेले पोपडे, ओलीचे पिवळे डाग. भेग नाही.

साइटच्या रजिस्टरमध्ये 'भेग आढळली नाही' एवढंच लिहिलं. मोजलेलं तिथे लिहायचं, वाटलेलं इथे. माझ्या सहीने जाणारं हे पहिलं स्ट्रक्चरल ऑडिट आहे. दोन्ही मिसळायला नकोत.

काम सरळ आहे. वास्तू मूकपटांच्या काळातली, वारसा यादीतली. म्हणून मालकाला पाडता येत नाही. धोकादायक ठरली तर येते. ती धोकादायक आहे की नाही हे मी सांगायचं. मालक विश्वजित, बांधणाऱ्याचे पणतू, पुण्यात असतात. फोटो त्यांनीच पाठवला.

इमारत म्हणजे एक उंच, लांब शेड. काळ्या दगडाचे खांब, वर छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या. कैच्यांना लाकडी पूल टांगलेले आहेत, त्यांना इथे तराफे म्हणतात. लायटी घेऊन माणसं त्यावर बसायची. पश्चिमेला ट्रक आत येईल एवढं दार. उजेड येतो तो तिथूनच. उत्तरेच्या भिंतीला बाहेरून चिकटून जुनी मेकअप रूम, आणि तिच्यात शालूबाई राहते. सत्तरी ओलांडलेली. सिनेमात घोळक्यात नाचायची. शूटिंग बंद झालं तरी ती गेली नाही.

दुसरे बसलिंगाप्पा. सेटचे पेंटर, मूळचे नेसरीकडचे. काम संपून कित्येक वर्षं झाली तरी रोज सकाळी ड्युटीवर यावं तसे येतात. आवाज मोठा, कान लहान.

शालूबाईने आल्या आल्या गाव विचारलं. इचलकरंजी म्हटलं. मग म्हणाली, "कुणाच्यातली?" मी ऑफिसचं नाव सांगितलं. हा प्रश्न कशासाठी असतो ते मला माहीत आहे. ती "बरं" म्हणाली आणि चहा ठेवला. मी घेतला नाही. साइटवर कुणाचं काही घेत नाही.

बसलिंगाप्पांनी माझ्यासाठी खुर्ची आणून फ्लोअरच्या मधोमध एका खुणेवर ठेवली. मी भिंतीजवळ सरकवली. त्यांनी उठून ती परत खुणेवर नेली. "हितनं बघायचं असतंय," म्हणाले.

१२ सप्टेंबर

फोटो दुसऱ्या भिंतीचा असेल, किंवा बनवलेला असेल. दोन्ही शक्यता तपासल्या. विश्वजित यांना मूळ फाइल मागितली. त्यांनी लगेच पाठवली, कारण विचारलं नाही. तारीख बरोबर, फाइल न बदललेली. कोपऱ्यातला दगडी खांब आणि त्यावरचं लोखंडी कडं ओळखू येतं. भिंत तीच.

मला अशी माणसं बरी वाटतात. मागितलेलं देतात आणि मध्ये गोष्टी सांगत नाहीत.

फोनवर ते एक वाक्य बोलले: "मॅडम, ती सेटिंगची माणसं आहेत. आयुष्यभर नसलेलं दाखवत आली. तुम्ही दिसतंय त्याच्या मागे बघा." हे मला पटलं. रिपोर्ट कधी मिळेल तेही विचारलं, कुणाला तरी कळवायचं आहे म्हणाले. महिनाअखेर म्हणून सांगितलं.

१७ सप्टेंबर

पाऊस. पुन्हा साइट.

बसलिंगाप्पा माझ्यामागून फिरत होते. मी खांब मोजायला लागले की गप्प. उत्तरेच्या भिंतीकडे वळले की गोष्ट सुरू. आजची गोष्ट अशी: पूर्वी ही बाजू सगळी काचेची होती. लायटी नव्हत्या, उन्हावर शूटिंग चालायचं. मग बोलपट आले. राजाराणी गुजगोष्टी करतायत आणि मधेच रस्त्यावरचा बोंबीलवाला ओरडतोय, असं व्हायला लागलं. म्हणून काच काढली. हे त्यांना त्यांच्या वस्तादांनी सांगितलेलं, वस्तादांना आणखी कुणी. मी ऐकल्यासारखं केलं. माणूस वेळ काढत होता.

मग वरचे तराफे बघ म्हणून आग्रह. शिडीने गेले. लाकूड चांगलं आहे, कैच्याही. वरून दिसलं, दोघं खाली मान वर करून उभी होती. उतरेपर्यंत शालूबाईने भिंतीसमोर दोरी बांधून चादरी वाळत टाकल्या होत्या. बाहेर पाऊस आहे, म्हणाली. कारण पटण्यासारखं होतं. म्हणूनच पटलं नाही.

चादर बाजूला करून हातोडीने ठोकून बघितलं. आवाज बद्द. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. आवाज घुमू नये म्हणून त्या काळात फ्लोअरच्या भिंतींना आतून गोणपाट लावायचे.

निघताना शालूबाईने कागदात शेंगा बांधून दिल्या. नको म्हटलं. तिने पिशवीत कोंबल्या. बसमध्ये खाल्ल्या. टाकून देणं बरोबर दिसलं नसतं.

२२ सप्टेंबर

सापडलं.

पाऊस थांबल्यामुळे दुपारी मोठं दार सताड उघडं होतं. मी खुर्चीत बसले होते, त्यांच्या खुणेवर. ऊन दारातून थेट आत आलं आणि भिंतीवर तिरपं पडलं.

पोपड्यांच्या सावल्या दाराकडे पडल्या होत्या.

उजेड डावीकडून येतो. सावली उजवीकडे पडायला हवी. भिंतीवरच्या प्रत्येक पोपड्याची सावली डावीकडे होती, उजेडाच्या दिशेला. जवळ गेले, एका पोपड्यावर नख लावलं. पोपडा नव्हताच. रंग होता. ओलीचा डाग रंग, बुरशी रंग, चुन्याचं भुरभुरणंही रंग. भिंतीच्या कडेला नख खोल घातलं तर खाली पीओपीत भिजवलेलं गोणपाट लागलं. नवं.

भिंत नवी करणारे लोक मी बघितले आहेत. नवा गिलावा जुना, कुजका दिसावा म्हणून इतके कष्ट घेतलेले पहिल्यांदा बघितले. मी इतक्या वेळा येऊन गेले आणि मला कळलं नव्हतं.

कुणाला काही बोलले नाही. शालूबाई विचारत होती, तोंड का उतरलंय. ऊन लागलं म्हटलं.

आता हिशेब सोपा आहे. झाकलेलं आहे, म्हणजे झाकण्यासारखं आहे. जेवढी मेहनत झाकायला, तेवढं खाली वाईट. आणि त्या भिंतीला टेकून एक म्हातारी झोपते.

२३ सप्टेंबर

विश्वजित यांना सांगितलं. आश्चर्य वाटल्याचं त्यांच्या आवाजात जाणवलं नाही. शांत माणूस आहे. म्हणाले, आधी माणसाचा जीव. तपासणी नंतर करा, पण तोवर फ्लोअर आणि मेकअप रूम रिकामी करावी असं पत्र द्या. तात्पुरतं. रद्द करता येईलच.

बरोबर आहे. मी पत्र लिहिलं. 'उत्तरेकडील भिंतीची स्थिती लपवण्यात आली असून ती धोकादायक असण्याची शक्यता आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत वापर बंद ठेवावा.' शब्द तपासून घेतले. यात माझं एकही अनुमान ठाम म्हणून गेलेलं नाही.

२६ सप्टेंबर

माझं पत्र दाखवून शालूबाईला काल बाहेर काढलं. मेकअप रूमची वीज तोडली. राधानगरीला भाचीकडे गेली, असं बसलिंगाप्पांकडून कळलं. ते आज राजारामपुरीत आमच्या ऑफिसवर आले. जिन्यातच उभे राहिले, आत बसले नाहीत. सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे बोलले.

मी एकच विचारलं, भिंत कुणी रंगवली? नाकारतील असं धरून चालले होते.

"मी. दुसऱ्या कुणाला येतंय कोल्हापुरात?"

"का?"

"फाटलीय म्हणून. तू बघितली असतीस तर पाडा म्हणून लिवली असतीस."

मी म्हटलं, शालूबाई त्याच भिंतीला टेकून झोपतात हे तुम्हाला माहीत होतं. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तिला सांगितलं न्हाय मी. तिला वाटलं, भिंत जरा बरी दिसंल, एवढंच."

भिंत किती फाटली आहे, आत काय आहे, हे बघितलं होतं का, असंही विचारलं.

"न्हाय. मागं काय हाय ते आमी बघत न्हाय, यव्वा. आमचं काम म्होरल्या अंगाचं."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. बरं वाटायला हवं होतं. पत्राची प्रत पुन्हा वाचली. चूक सापडली नाही. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यानेही असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

गिलावा काढून भिंत बघायला गेले. फ्लोअरच्या दाराला नवं कुलूप. विश्वजित पुण्याहून आलेले होते, गेटपाशी भेटले. माझ्या पत्राबद्दल आभार मानले. सोमवारी जेसीबी येणार आहे. मेकअप रूम आणि उत्तरेच्या भिंतीचा 'सुटलेला भाग' उतरवायचा आहे. तुमच्या पत्राप्रमाणे, म्हणाले.

पत्रात तपासणी पूर्ण होईपर्यंत असं लिहिलं आहे, हे मी सांगितलं.

"आता तपासणी कशाला, मॅडम? धोका तुम्हीच लिहिलाय. तुम्हाला आत सोडलं आणि काही झालं, तर जबाबदारी माझी."

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. कालपर्यंत मीही असंच बोलले असते. भिंत उतरली की वरच्या कैच्या उघड्या पडतील, मग बाकीचं आपोआप धोकादायक होईल. हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

मग मी जे विचारलं ते १२ तारखेलाच विचारायला हवं होतं. भेगेचा फोटो पाच वर्षं तुमच्याकडे होता. मग पाच वर्षं शालूबाईंना त्या भिंतीला टेकून का राहू दिलंत?

ते हसले. लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नसावं.

"तेव्हा विकायचं ठरलं नव्हतं."

घरी येऊन तो फोटो मोठा करून बघितला. इतके दिवस मी त्यात भेग आहे की नाही एवढंच बघत होते. ती कशी आहे हे बघितलं नव्हतं. भिंत खचली तर भेग तिरपी जाते, पायऱ्यांसारखी मोडत जाते. ही ओळंब्याने आखल्यासारखी आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

मेकअप रूममधून फ्लोअरवर उघडणारं एक लहान दार आहे. नट्या त्यातून सेटवर जायच्या. खोलीची किल्ली शालूबाईने बसलिंगाप्पांकडे ठेवली होती. तिची भांडी अजून आत आहेत, म्हणजे खोली अजून तिची आहे. सकाळी त्यांना फोन केला. मी जी भिंत धोकादायक म्हणून लिहिली तिथेच त्यांना बोलावत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. त्यांना हेल्मेट दिलं. त्यांनी ते टोपीवर घातलं.

मोठं दार उघडून घेतलं नाही, टॉर्चवर काम केलं. रंगवताना त्यांनीही दार बंद ठेवलं होतं, कुणी बघू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. हॅलोजन उजव्या हाताला होता. सावल्या त्या हॅलोजनच्या होत्या. हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं.

पटाशी त्यांच्या पुढे केली. त्यांनी घेतली, भिंतीला लावली आणि परत दिली. "पडंल," म्हणाले.

पडणार नाही असं मला छातीठोक सांगता आलं नाही. फोटोवरून अंदाज होता, एवढंच. त्यांना दारापाशी उभं केलं आणि मी वरून सुरुवात केली. गोणपाट पट्ट्यापट्ट्यांनी सुटत होतं. त्याच्या आत जुनं गोणपाट, त्याच्या आत चुना. मग भेग उघडी पडली. छतापर्यंत सरळ.

डाव्या काठाला काळा दगड, घडवलेला. उजव्या काठाला वीट. दगडात उभी खाच होती आणि खाचेत गंजलेल्या लोखंडी पट्टीचा तुकडा. त्याला अजून जाड काचेची कपची चिकटलेली.

काच बसवायची चौकट ती. काच काढल्यावर त्या जागी विटा भरल्या. दगड आणि वीट एकमेकांत कधी गुंफलेच नाहीत, म्हणून दोघांमध्ये फट राहिली. छताचं वजन खांबांवर आहे. विटांवर काहीच नाही. खांब ठोकून बघितले, ओळंबा लावला, दगडाची मजबुती मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरने रीडिंग घेतली. खांब उत्तम आहेत. ही भेग नव्हतीच. काचघर संपून बोलपट सुरू झाला तो सांधा होता, आणि तो कुणालाही धोका नसताना इतकी वर्षं तसाच उभा होता.

बसलिंगाप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. तीच काचेची गोष्ट ते मला सांगत होते आणि ती या भिंतीची आहे हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"म्हंजे झाकायचं कारणच नव्हतं?"

नव्हतं, म्हटलं. झाकलं नसतं तर मी पहिल्याच दिवशी जवळ जाऊन बघितलं असतं, सांधा म्हणून लिहिलं असतं आणि काम संपलं असतं. हे बोलायची गरज नव्हती. पण खरं होतं.

त्यांनी खाली पडलेली एक पट्टी उचलून उलटसुलट केली. मग म्हणाले, "पर तुला कळलं कशानं?"

"सावल्या उलट्या होत्या."

त्यांनी टोपीवरचं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, कानडीत स्वतःलाच एक शिवी हाणली. "आणि तवर? किती येळा येऊन गेलतीस तू?"

तोवर कळलं नव्हतं, असं मी सांगितलं. कबूल करायला काही हरकत नव्हती. माणूस एवढा खूश झालेला मी पूर्वी बघितला नव्हता. "इंजिनेर असून," म्हणाले. "खुर्चीवर बसून. व्हय?"

संध्याकाळी पत्र मागे घेतलं. रिपोर्ट पूर्ण करून महापालिका, मालक आणि आमचं ऑफिस, तिघांनाही फोटोंसह पाठवला. इमारत दुरुस्तीयोग्य. पाडण्याचं कारण नाही. २३ तारखेचं पत्र अपुऱ्या तपासणीवर दिलं होतं, हेही त्यात लिहिलं. सहीखाली.

२९ सप्टेंबर

जेसीबी आला. गेटबाहेर उभा राहिला. ड्रायव्हरने वडापाव खाल्ला. विश्वजित यांनी माझ्याशी बोलणं टाळलं, आमच्या ऑफिसच्या सरांना फोन केला. सरांनी मला केला. अपुऱ्या तपासणीचं वाक्य लिहायची काय गरज होती, विचारलं. ते खरं आहे, म्हटलं. यापुढे सही माझी नसेल, असं त्यांनी सांगितलं. निदान काही दिवस. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

दुपारी जेसीबी परत गेला.

कोपऱ्यातल्या खांबावर बसलिंगाप्पांच्या रंगकामाचा एक भाग शिल्लक आहे. तो राहू दे, असं त्यांनी दोनदा सुचवलं, ते बरं जमलं होतं म्हणून. खांब मागच्या बाजूने तपासून झाला आहे, ओल नाही. रिपोर्टला पुरवणी जोडली: 'खांबावरील रंगवलेला गिलावा चित्रपटनिर्मितीच्या तंत्राचा नमुना आहे. जतन करावा.' हा निर्णय तांत्रिक आहे. पुरवणीवर सही सरांची आहे. त्यांनी न वाचता केली.

५ ऑक्टोबर

शालूबाई आली. रिकाम्या हाताने, बघायला. भाची वाट बघत गेटपाशी रिक्षात बसली होती.

मी सांगितलं की इमारत पाडणार नाहीत, खोली सुरक्षित आहे, वीज उद्या जोडतील. ती मला बोलू देत होती, पण बघत माझ्या पिशवीकडे होती. पेन काढलं तर एक पाऊल मागे सरली. मी पेन परत ठेवलं.

रिपोर्टची प्रत दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. पूर्ण होईपर्यंत ती ऐकत राहिली.

"कागद चांगला हाय," म्हणाली. "भिंत बी चांगलीच दिसत हुती की."

तिला भिंतीपाशी नेलं. तिने आपणहून खाचेत हात घातला, एका बाजूचा दगड चाचपला, दुसऱ्या बाजूची वीट, मग पुन्हा दगड. खांद्याने ढकलून बघितलं. बसलिंगाप्पा काही बोलायला आले, तिने त्यांना हातानेच गप्प केलं. त्यांच्याशी ती आल्यापासून बोललेली नव्हती.

मग पदराला हात पुसले.

"येतो ऱ्हायला," म्हणाली. "पर पेट्या सोडणार न्हाय."

चहा विचारला नाही. भाचीला हाक मारून रिक्षाकडे गेली.

मीही पेट्या बांधलेल्याच ठेवल्या असत्या.